नागपूरच्या गारठ्यात मुंगळ्यांच्या नळीला ऊब कशी द्यायची

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं. डिसेंबरात खालच्या खोलीत फरशीवर पाय ठेववत नाही. त्याच खोलीत माझी काळ्या मुंगळ्यांची वसाहत आहे. राणी मला जूनच्या शेवटी, जोराचा पाऊस पडून गेल्यावर, गांधीसागर तलावाच्या कठड्याजवळ सापडली. पंख गळून गेले होते आणि बिळासाठी जागा शोधत ती फिरत होती. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे काचेची नळी आणि कापूस हाताशीच होते. नळीच्या बुडाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा. दिवाळीपर्यंत तिच्याभोवती अकरा कामकरी मुंगळे झाले होते. मग थंडी आली.

नागपूर म्हटलं की लोकांना मे महिनाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. घरात इतकं होत नाही. माझ्या खोलीत पहाटे १५-१६ अंश असतात. मुंगीला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, भोवतीची हवा जितकी तितकीच ती. १५ अंशांत मुंगळे मरत नाहीत, पण अळ्या आहेत तशाच राहतात, राणी अंडी घालायचं थांबवते आणि कामकरी एका जागी गोळा होऊन बसतात. वसाहत मोठी असेल तर खुशाल तसंच राहू द्या, हिवाळा संपला की गाडी आपोआप सुरू होते. दहा-पंधरा कामकऱ्यांच्या पहिल्या वर्षाच्या वसाहतीला मात्र मी ऊब देते. तिथे एकेक कोष महत्त्वाचा असतो.

पहिल्या वर्षी मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून नळीच्या बुडाशी, म्हणजे पाण्याच्या बाजूला ठेवली. सकाळी अर्ध्या नळीत पाणी होतं. कापसामागे पाण्यासोबत हवेचा एक बुडबुडा अडकलेला असतो. तो तापला की फुगतो आणि पाणी बोळ्यातून पलीकडे ढकलतो. सगळी अंडी आणि चार कामकरी गेले. राणी वाचली, कारण ती तोंडाच्या बोळ्यावर चढून बसली होती. म्हणून ऊब नेहमी कोरड्या टोकाला, पाण्यापासून लांब द्यायची.

लॅबमधल्या इन्क्युबेटरचा मोहही मला झाला होता. तो ३७ अंशांवर असतो. बरं झालं, ठेवलं नाही. मुंगळ्यांच्या म्हणजे कॅम्पोनोटसच्या शरीरात ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू असतात, ते त्यांच्यासाठी पोषक द्रव्यं तयार करतात. सततच्या जास्त उष्णतेत हे जिवाणू घटतात. आपल्याला हवेत गरम टोकाला २७-२८ अंश आणि दुसऱ्या टोकाला २१-२२. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. अख्खी नळी सारखी तापवली तर मुंग्यांना हलायला जागाच उरत नाही. एक टोक तापवा आणि कुठे बसायचं ते त्यांच्यावर सोडा. अळ्या-कोष उचलून योग्य जागी नेण्याचं काम त्या आपल्यापेक्षा फार चांगलं करतात.

माझी मांडणी सांगते. लॅबमध्ये किट येतात ते थर्माकोलचे डबे फेकले जातात, त्यातला एक घरी आणला. आत एका बाजूच्या भिंतीला सरडे-कासवांसाठी मिळते तशी पाच वॉटची हीटिंग मॅट उभी चिकटवली. नळी आडवी ठेवली, कोरडं टोक मॅटपासून दोन बोटांवर. मॅटला टेकू द्यायची नाही, तिच्यावर तर मुळीच ठेवायची नाही. बर्डीच्या बाजारातून तापमान बघून वीज तोडणारा छोटा कंट्रोलर आणला. तो २८ ला बंद, २६.५ ला चालू. सेन्सरची वायर मॅटवर न चिकटवता नळीच्या गरम टोकाच्या काचेवर टेपने लावा. मॅटवर लावली तर ती मॅटचं तापमान सांगेल, मुंग्यांचं नाही. झाकणाला पेन्सिलने चार भोकं पाडा. पहिल्या दिवशी २३ वर ठेवून रोज एक-दोन अंश वाढवत न्या. कंट्रोलर नसेल तर मॅट लावूच नका.

खर्च करायचा नसेल तर तोच थर्माकोलचा डबा आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून, रात्री झोपताना कोरड्या टोकाकडे. पहाटेपर्यंत डब्यात खोलीपेक्षा बरीच ऊब राहते. थर्मामीटर मात्र हवाच, मत्स्यालयाच्या दुकानात वायरवाला मिळतो. फ्रिजवर नळी ठेवू नका, कॉम्प्रेसरच्या थरथरीने मुंग्या बेचैन होतात. आणि उन्हात कधीच नाही. आपण गच्चीवर बसतो ते कोवळं ऊनसुद्धा बंद काचेत काही मिनिटांत जीव घेतं.

मांडणी नीट आहे का, ते एका रात्रीनंतर बघा. अळ्या आणि कोष गरम टोकाकडे सरकवलेले असतील आणि कामकरी ये-जा करत असतील, तर उत्तम. सगळेच पाण्याच्या बोळ्याला चिकटून बसले असतील तर फार तापतंय, दोन अंश कमी करा. सगळे गरम काचेला दाटीने लागले असतील तर थोडं वाढवा. काचेवर आतून थेंब दिसले तर झाकण थोडं उघडं ठेवा.

ऊब दिली की खाणंही द्यावं लागतं. गरम मुंगळा जास्त खातो, आणि अळ्यांना प्रथिनं लागतात. मी आठवड्यातून दोनदा मधात पाणी मिसळून एक थेंब देते आणि झुरळाचा छोटा तुकडा, आधी उकळत्या पाण्यातून काढलेला. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढते, नाहीतर उबेत बुरशी लगेच धरते. आई म्हणते, मुंग्यांना साखर घालावी. चिमूटभर तीही घालते, पण साखरेने अळ्या वाढत नाहीत.

लाईट गेली तर घाबरू नका. थर्माकोल बंद असला की दोन-तीन तास काही बिघडत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात पहाटेचं तापमान सलग आठवडाभर २० च्या वर राहिलं की मी कंट्रोलर रोज एक अंश खाली आणते आणि मग मॅट काढून ठेवते. झाकणही काढते, कारण मार्चमध्ये तोच डबा आतून तापायला लागतो आणि नळी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून माठाच्या बाजूला न्यावी लागते.