हात उललेत? क्रीम बदलण्याआधी या चुका टाळा

दिवाळी सरली आणि हवेतला ओलावा गेला की बोटांच्या पेरांवर चिरा पडू लागतात. पीठ मळताना मीठ लागलं तरी झोंबतं. बहुतेक घरांत यावर एकच इलाज होतो : रात्री झोपताना भरपूर क्रीम. सकाळी पुन्हा भांडी, धुणं, फरशी. महिनाभरात चीर भरली नाही की क्रीम वाईट ठरतं आणि दुसरी ट्यूब येते.

पण हात बिघडतात ते दिवसा. त्वचेच्या वरच्या थरातली स्निग्ध द्रव्यं आतलं पाणी धरून ठेवतात. साबण तीच धुऊन नेतो, आणि गरम पाण्यात हे अधिकच होतं. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचं माप) साधारण 5. साध्या साबणाचा सामू 9 ते 10, म्हणजे नेमका उलट, अल्कधर्मी; दर धुण्याला त्वचेचा तोल बिघडतो. म्हणून रात्रीच्या एका थरापेक्षा दर धुण्यानंतरचं थोडंसं क्रीम जास्त उपयोगी पडतं. हात टिपून घ्या आणि ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावा. ट्यूब कपाटात नको, बेसिनजवळच ठेवा. उघड्या चिरेवर सुवासिक लोशन चुरचुरतं. तिथे साधी पेट्रोलियम जेली उत्तम.

लिंबू चोळणं तर कृपा करून थांबवा. मीठ-साखरेचं स्क्रबही. सोलवटणारी कातडी घासून काढली की चीर आणखी खोल जाते.

रबरी हातमोजे चांगलेच, पण आत घाम साचला की कातडी भिजत राहते. आत पातळ सुती मोजे घाला, काम झालं की लगेच काढा आणि उलटे करून वाळवा. भोक पडलेला मोजा टाकून द्या. आत शिरलेलं साबणाचं पाणी तिथेच कोंडून राहतं.

चिरा नेमक्या कुठे आहेत, हे फार कमी जण बघतात. फक्त डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं फुटली असतील, तर लसणावर संशय घ्या. उजव्या हातात सुरी धरणाऱ्यांची लसूण याच बोटांत असते, आणि तिच्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांची काहींना ॲलर्जी होते. काही आठवडे सोललेली लसूण वापरा, तीही चमच्याने, आणि फरक पाहा. अंगठीखालीच त्रास असेल तर साबण तिथे अडकतोय. कामाआधी अंगठी काढा.

एकाच हाताचा तळवा कोरडा पडून सोलतोय आणि दोन्ही पायांनाही तसंच होतंय? ते बुरशीचं असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम सर्वांत घातक. खाज चार दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. वर कातडी पातळ होते ती वेगळीच.

पू, वाढती लाली, ठणका असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका. जाड, ठळक कडेचे चट्टे असतील तर तो सोरायसिस हा त्वचेचा जुनाट आजारही असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा काम काय करता ते आधी सांगा. गवंड्यांना सिमेंटमधल्या क्रोमियमची, पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना केसांच्या डायची ॲलर्जी असू शकते. तसा संशय आला तर डॉक्टर पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी कशाची आहे ते शोधणारी चाचणी, सुचवतात. त्यात पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तास तशाच ठेवाव्या लागतात आणि तोवर पाठ भिजवायची नसते.