खाऱ्या हवेत घरगुती एलईडी दिवे बनवताना या चुका टाळा

रत्नागिरी किंवा मालवणच्या एखाद्या लहान सदनिकेत हौसेने बनवलेला एलईडी दिवा दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडला, की आतली एलईडींची पट्टी हलकी निघाली असे म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. असे चार-पाच दिवे उघडून पाहिल्यावर माझे मत निराळे झाले आहे. पट्टीवरील एलईडी शाबूत असतात. कुजलेले असतात ते सांधे.

पट्टी आणि तार जोडण्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची क्लिप केवळ दाबून धरलेल्या संपर्कावर चालते, आणि दमट, खारट हवा त्या फटीत शिरली की तांब्यावर हिरवा थर चढून दिवा लुकलुकू लागतो. म्हणून सांधा सोल्डरच करावा, मात्र त्यासाठी राळेचा गाभा असलेली सोल्डर तार वापरावी. कल्हईला लागणारा नवसागर किंवा पत्र्याच्या कामातील आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचे रसायन) येथे मुळीच वापरू नये, कारण त्याचा उरलेला अंश तांबे खात राहतो. सांध्यावर सिलिकॉन लावतानाही हीच काळजी घ्यावी लागते. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते. त्याऐवजी ‘न्यूट्रल’ असे लिहिलेली नळी मागून घ्यावी. आवरण असलेली जलरोधक पट्टी एकदा कापली, की तिचे कापलेले टोक उघडे पडते, आणि नेमके तेच बंद करायचे राहून जाते.

दुसरी चूक हिशेबाची आहे. 5050 प्रकारचे (5 मिमी × 5 मिमी आकाराचे) मीटरला 60 एलईडी असलेली 12 व्होल्टची पट्टी मीटरमागे साधारण 14.4 वॅट घेते, म्हणजे पाच मीटरला 72 वॅट किंवा 6 अ‍ॅम्पिअर. घरात पडून असलेला 5 अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडाप्टर तिला जोडला, तर तो तापतो किंवा दर काही क्षणांनी बंद-चालू होत राहतो. किमान 20 टक्के क्षमता हाताशी राखून येथे 8 अ‍ॅम्पिअरचा घ्यावा. पट्टीचे दूरचे टोक मंद दिसत असेल, तर ती खराब झाली असे समजू नये. लांबीमुळे व्होल्टेज घटलेले असते आणि दुसऱ्या टोकालाही तार नेऊन वीज दिली की फरक दिसतो. सलग तीनच एलईडी विझले असतील, तर दोष त्या एका गटात आहे, कारण 12 व्होल्टच्या पट्टीत सहसा तीन-तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. पट्टी कापायची तीही म्हणूनच केवळ तिच्यावर छापलेल्या कापण्याच्या खुणेवर.

नारळाच्या करवंटीचा दिवा देखणा दिसतो, पण करवंटी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर चिकटवून, करवंटीला वर भोके पाडून आणि वॅट कमी ठेवूनच तो बनवावा.

थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या, ड्रायव्हर (एलईडींना योग्य वीज पुरवणारे सर्किट) अंगावरच असलेल्या एलईडी प्लेट स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील बहुतेकांमध्ये मुख्य विजेपासून विलगीकरण नसते, म्हणजे त्यांना हात लागला तर थेट विजेचा धक्का बसू शकतो. हाताला लागेल अशा धातूच्या घरगुती शेडमध्ये त्या बसवू नयेत. असा दिवा बटण बंद केल्यावरही अंधुक जळत राहिला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसले आहे का, किंवा बटणातच सूचक दिवा आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

रंगाबाबत मात्र लोक फारच बेफिकीर असतात. बसण्याच्या खोलीत 3000 केल्विनचा उबदार प्रकाश पुरतो. स्वयंपाकघरात 4000 केल्विन चालेल, पण तेथे सीआरआय (रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, कमाल 100 असलेला अंक) 90 किंवा त्याहून अधिक असलेली पट्टी घ्यावी, कारण हलक्या पट्टीत लाल रंग नीट उमटत नाही आणि ताज्या बांगड्याचे लालबुंद कल्लेही तिच्याखाली तपकिरी, शिळे दिसतात.