चाळिशीनंतर एकट्याने थीम पार्कला कसं जायचं

मी ४७ वर्षांचा आहे आणि सुट्टी जमली की थीम पार्कला जातो, पोरांना घेऊन नाही, एकटाच. तिकीट खिडकीवर "एकच?" असं विचारतात आणि माझ्या मागे कुणी उभं आहे का ते मान उंचावून बघतात. पहिल्यांदा लाज वाटली होती, उगाच "बाकीचे नंतर येतायत" असं खोटंही बोललो होतो, आता सरळ "एकच" म्हणतो आणि पुढे होतो. लहानपणापासूनचं वेड आहे, गेलं नाही, आणि माझं म्हणणं असं की मोठेपणी ते जास्त चांगलं करता येतं, फक्त पद्धत बदलायला लागते. लहानपणी सगळ्या राईड संपवायच्या असतात. आता मी दिवसाला सहा-सातच घेतो, पण नीट.

आधी दिवस निवडा. शाळा चालू असतानाचा मधला वार सगळ्यात भारी, आणि सकाळी आभाळ भरून आलं असेल तर अजून भारी, कारण अर्धी जनता घरूनच निघत नाही. फक्त विजा चमकायला लागल्या की उंच राईड बंद करतात हे धरून चला, रिमझिम असेल तर बऱ्याच चालू राहतात. दुसरं, कुठल्या राईड मेंटेनन्ससाठी बंद आहेत ते निघायच्या आधी बघा. मी एकदा फक्त एका लाकडी रोलरकोस्टरसाठी रात्रभर प्रवास करून गेलो तर त्याला पत्रे लावलेले, गेटवर साधी पाटी नव्हती, विचारलं तर "पुढच्या महिन्यात या" म्हणे. गर्दी कमी असण्याच्या सीझनमध्येच दुरुस्त्या काढतात, म्हणजे आपल्याला सोयीचा दिवस तोच त्यांनाही सोयीचा.

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. उघडलं की लोक जी पहिली राईड दिसेल तिथे रांग लावतात, ती सोडून द्या आणि तडक आतल्या टोकाला जा. पण टोकाची कुठलीही नाही, जिची क्षमता कमी आहे ती. हे कसं ओळखायचं तर सोपा हिशोब आहे. समजा रोलरकोस्टरच्या ट्रेनमध्ये २४ जण बसतात आणि दर दीड मिनिटाला एक ट्रेन सुटते, म्हणजे तासाला ४० ट्रेन, ९६० माणसं. पुढे २०० जण असतील तर साडेबारा मिनिटं. आता शेजारचा गोल फिरणारा छोटा पाळणा बघा, १२ सीट आणि माणसं चढवून उतरवून एक फेरा व्हायला चार मिनिटं, तासाला १८०. तिथे ६० जणांची आखूड रांग दिसते म्हणून लोक पळत जाऊन उभे राहतात आणि वीस मिनिटं अडकतात. त्यामुळे रांगेची लांबी बघायची नाही, ती सरकते किती ते बघायचं. बोटीतून नेणाऱ्या राईडची रांग इमारतीला वेढा घालून असते तरी माणूस चालतच राहतो, थांबावं लागत नाही. आणि हो, रोलरकोस्टरच्या रुळावर एकच ट्रेन दिसत असेल तर दुसरी आज काढलेलीच नाहीये, म्हणजे वेळ जवळपास दुप्पट धरा.

एकट्या माणसाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सिंगल रायडर लाईन. जोडीच्या सीटवर तिघं आले की एक जागा रिकामी राहते, ती भरायला ही वेगळी रांग असते, सगळीकडे नसते पण असेल तर सोडू नका. सीट निवडता येत नाही आणि अनोळखी माणसाच्या शेजारी किंचाळावं लागतं, एवढंच. पैसे देऊन रांग टाळायचा पास असतो तो मी शक्यतो घेत नाही. खूप गर्दीच्या दिवशी अडल्यावर घ्या, पण मधल्या वारी तो घेणं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर टोल भरण्यासारखं आहे.

आता सीट. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण बहुतेक लोक ऑपरेटर दाखवेल तिथे बसतात आणि मग म्हणतात ठीक होती राईड. रोलरकोस्टरचा पुढचा डबा आणि मागचा डबा या दोन वेगळ्या राईड आहेत. पहिल्या डब्यात बसलात तर माथ्यावरून तुम्ही खाली लटकता, पण ट्रेनचं निम्मं वजन अजून मागच्या बाजूला चढावर असतं म्हणून ती रेंगाळते, समोर नुसती हवा दिसते, वारा तोंडावर. शेवटच्या डब्यात उलटं होतं, तुम्ही माथ्यावर पोचेपर्यंत ट्रेनचा पुढचा भाग उतारावर सुटलेला असतो, तो तुम्हाला खेचून नेतो आणि पार्श्वभाग सीटवरून उचलला जातो. पोटात गोळा यायला हवा असेल तर शेवटचा डबा. पाठ कुरकुरत असेल तर डब्यातली चाकांच्या बरोबर वरची सीट टाळा, मधली बसा, विशेषतः लाकडीवर. माझी पद्धत अशी की एकच राईड दोनदा घ्यायची, सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे. संध्याकाळीच का, तर दिवसभरात चाकं आणि ग्रीस तापतं आणि ट्रेन सकाळपेक्षा वेगात पळते. हे कुणी सांगून पटत नाही, बसूनच कळतं.

चढताना खटखटखट आवाज येतो ना, तो घाबरवायला नसतो. चेन तुटली तरी ट्रेन मागे घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टी असते आणि ट्रेनचं खुंटं तिच्या दात्यांवरून टपटप पडत जातं, त्याचा तो आवाज. आणि माथ्यावरच्या उसळीत ट्रेन रुळावरून का उडत नाही, तर रुळाच्या खालूनही चाकं असतात, ती जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर बनवणाऱ्याने १९१९ मध्ये पेटंट केली. त्याआधी उतार बेताचेच ठेवावे लागायचे. १८८४ ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ला मार्कस थॉम्पसन या माणसाची सुरुवातीची रोलरकोस्टर गाडी चालायची तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलवाला मागे टाकेल. तिथून १९५९ ला डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्न या कोस्टरवर पहिल्यांदा नळीच्या पोलादी रुळावर गाडी धावली आणि मग कशीही वळवता यायला लागली. कुणी भीती वाटते म्हणून येत नसेल तर त्याला हे चाकांचं सांगा, माझ्या मेव्हण्यावर लागू पडलं. तरी तो डोळे मिटूनच बसला.

लूपमध्ये, म्हणजे ट्रेन उलटी होऊन फिरते त्या कड्यात, डोकं टेकवून ठेवा, इकडेतिकडे बघू नका. जुने लूप अगदी गोल असायचे आणि खालच्या बाजूला मानेला जबर हिसका बसायचा, आताचे थेंबाच्या आकाराचे असतात, १९७६ च्या रिव्होल्यूशन या कोस्टरपासून ही चाल रुळली. तरी मान आपलीच आहे. खोल उतार संपून ट्रेन वर वळते तिथे रक्त पायाकडे जातं आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते, तेव्हा मांड्या आणि पोट घट्ट आवळा, फरक पडतो. मला एकदा कडकडीत उपाशीपोटी, पाणीही न पिता बसल्यावर दोन सेकंद सगळं राखाडी झालं होतं, उतरल्यावर ऑपरेटर पोराने "काका, बसा जरा" म्हणून खुर्ची दिली. तेव्हापासून हलकं खाऊन जातो, आणि जेवण लोकांच्या आधी म्हणजे अकराला किंवा सगळे उठल्यावर तीनला.

पण चाळिशीनंतर खरा शत्रू रोलरकोस्टर नाही, पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या आहेत. डोळे सांगतात आपण उडतोय, तोल सांभाळणारा आतला कान सांगतो जागेवरच आहोस, आणि पोट मधल्यामध्ये मरतं. मी एकदा लागोपाठ तीन घेतल्या आणि पुढचे दोन तास बाकावर आडवा होतो, येणारी जाणारी पोरं बघून जात होती. दिवसाला एक बास. मळमळ सुरू झाली की पडद्यावरून नजर काढा, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघा किंवा डोळे मिटा, आणि पुढचा अर्धा तास मोकळ्या हवेत. गोळी घेणार असाल तर आधी घ्यावी लागते, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी, आणि झोप येते. पाठीचं ऑपरेशन, हृदयाचं दुखणं, रक्तदाब असं काही असेल तर पाटी वाचा आणि ऐका, तिथे बहादुरी नको. पोट सुटलेलं असेल तर बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते तिच्यावर आधी बसून बघा, रांगेत तासभर उभं राहून वरून परत यायला लागण्यापेक्षा बरं.

सामान कमीत कमी. चेनवाला खिसा असलेली पँट, मागून दोरी बांधलेला चष्मा (माझा एक चष्मा कुठल्यातरी तळ्यात आहे), जास्तीचे मोजे. पाण्याची राईड भर दुपारी घ्या म्हणजे वाळायला ऊन मिळतं, ओल्या मोज्यात दिवसभर चाललात तर रात्री पायाला फोड नक्की.

दुपारी गर्दी फुगली की मोठ्या राईड सोडा आणि पार्क बघा. हे मला पस्तिशीपर्यंत कळलंच नव्हतं. डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, त्याआधी वॉल्ट डिस्ने डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या तिवोली पार्कला जाऊन आला होता, ते पार्क १८४३ चं. तिवोलीत १९१४ चा लाकडी कोस्टर अजून चालतो आणि त्यावर ब्रेक लावायला एक माणूस ट्रेनमध्येच बसून येतो. मला तो माणूस व्हायचंय. डिस्नीच्या मुख्य रस्त्यावरची घरं बघितलीत तर वरचे मजले खालच्यापेक्षा बुटके बांधलेत, म्हणजे इमारत आहे त्याहून उंच वाटते. असल्या लबाड्या शोधत बसायचं, एसी असलेल्या अंधाऱ्या राईडमध्ये जाऊन यायचं, मिरवणुकीची वेळ झाली की उठायचं, कारण सगळे तिकडे जातात आणि मोठ्या राईडची रांग गळते.

एकट्या मोठ्या माणसाला काही ठिकाणी नाही म्हणतात, ते मनाला लावून घेऊ नका. लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांवर बेतलेली लहान मुलांची केंद्रं, तिथे सोबत मूल नसेल तर सहसा आत घेत नाहीत, मोठ्यांसाठी वेगळ्या संध्याकाळी ठेवतात, त्या तारखा बघून जा.

शेवटची राईड जपून ठेवा. बऱ्याच पार्कात बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर फेरी मिळते, त्यामुळे दहा मिनिटं उरली की सकाळी ज्यावर पुढे बसला होतात त्याच कोस्टरकडे जा आणि मागचा डबा मागून घ्या, तेव्हा ऑपरेटरही नाही म्हणत नाहीत. अंधारात उतार दिसत नाही. मग खाली येऊन गेटकडे धावू नका, सगळ्या गाड्या एकाच फाटकातून निघत असतात, बाकावर बसा, बूट सैल करा, पार्किंग अर्ध्या तासात रिकामं होतं.