स्टीमवरचं कव्हर: या चुका टाळा

स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथे लावायच्या गेमच्या चित्राबद्दल ‘कव्हर जरा बघून सांग’ म्हणून माझ्याकडे जे येतं ते हमखास भलंमोठं असतं. मॉनिटरभर पसरतं, झाडाचं पान न् पान दिसतं, नायिकेच्या शेल्याची किनारसुद्धा दिसते. मी काही न बोलता ते १२० × ४५ पिक्सेलवर आणते आणि परत पाठवते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अगं, पण एवढं लहान कोण बघतंय?’

सगळेच बघतात. कॅप्सूल म्हणजे दुकानात गेमची ओळख म्हणून दिसणारं चित्र. त्यातल्या छोट्या कॅप्सूलसाठी आपण स्टीमला ४६२ × १७४ चं चित्र देतो आणि त्यावरून स्टीम स्वतःच १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आणखी दोन आवृत्त्या काढतं. शोधाचे निकाल, टॉप सेलर्स, नवे गेम, या सगळ्या याद्यांमध्ये तुमचा गेम म्हणजे ती पट्टी. तिच्यावर क्लिक पडला तरच पुढचं सगळं. तरी मंडळी मोठ्या चित्रापासून सुरुवात करतात आणि शेवटच्या रात्री ते दाबून बारीक करतात. या एका चुकीपायी चांगले गेम मेलेले बघितलेत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

कोल्हापूरच्या दोघा मित्रांचा एक गेम होता. अमावस्येची रात्र, गडावरचा मशालजी, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत बुरुजाबुरुजावर मशाली पेटवत जायचं. खेळायला झकास. कव्हरसाठी त्यांनी खरोखर चांगला चित्रकार गाठला, पैसेही नीट दिले. चित्र आलं: वरचा बराचसा भाग निळंकाळं आकाश, मधे तटबंदी, खाली कोपऱ्यात मशाल धरलेला करंगळीएवढा माणूस, आणि बारीक बोरूने लिहिल्यासारखं नाव. पोस्टर म्हणून भिंतीवर लावायला मी आनंदाने घेतलं असतं. पण स्टीमची पार्श्वभूमी मुळातच काळपट निळी. त्यात यांचं आकाश विरघळलं, चौकटीची कड दिसेना, नाव केसासारखं झालं आणि उरला एक नारिंगी ठिपका. यादीत त्या जागी काही लोडच झालं नसावं, असं वाटायचं.

यावर दोघांनी काय केलं? ट्रेलर बदलला. मग वर्णन बदललं. मग टॅग. स्टीमवर्क्सचा, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटचा, ट्रॅफिक रिपोर्ट तर ओरडून सांगत होता की गेम लोकांना दाखवला जातोय, पण क्लिक करून आत कोणी येत नाहीये. जो आत येतच नाही त्याला ट्रेलर काय दाखवणार?

शेवटी चित्रकाराला परत बोलावलं. ‘चांगलं चित्र बिघडवताय तुम्ही’ असं तो कुरकुरला, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मशालजी छातीपर्यंत जवळ आणला, मशालीचा उजेड थेट गालावर घेतला, आकाशाचा निळा काढून करपट तांबूस केला, नाव जाड केलं आणि पट्टीतली बहुतेक जागा नावालाच दिली. छोट्या पट्टीतून तटबंदी पारच उडवली. मूळ चित्र वाया गेलं नाही. लायब्ररीत, म्हणजे घेतलेले गेम जिथे दिसतात तिथे, गेमच्या पानावर जे रुंद चित्र असतं, ३८४० × १२४० चं, तिथे ते बसवलं. त्यात नाव घालायचंच नसतं, लोगो वेगळी फाइल म्हणून वरून येतो. पुढच्या रिपोर्टात क्लिक वाढलेले दिसले. गेमच्या कोडला तोवर कोणी हात लावलेला नव्हता.

माझी सवय सांगते. शास्त्रबिस्त्र काही नाही. पहिलं रेखाटनच मी ४६२ × १७४ च्या कॅनव्हासवर करते. नाव, एक आकार, दोन रंग, बस्स. मग ते करडं करून बघते. करड्यात नाव वाचता आलं नाही तर रंग कितीही भारी असोत, परत पहिल्यापासून. नंतर स्टीमच्या शोधयादीचा स्क्रीनशॉट घेऊन त्यात मधोमध ती पट्टी चिकटवते आणि गेम न खेळणाऱ्या एखाद्या माणसाला फोनवर दाखवून विचारते, ‘यात काय करायचं असेल?’ बहुतेकदा माझ्या आईला. ती मुलाहिजा ठेवत नाही.

नमुना हवा असेल तर ‘अंडरटेल’ या गेमचं कव्हर बघा. काळ्यावर पांढरं, ठसठशीत नाव आणि त्याच्या एका अक्षरात लाल बदाम. कितीही लहान करा, टिकतं.

नाव देवनागरीत लिहिणाऱ्यांना अजून एक अडचण. रोमन कॅपिटल अक्षरं पट्टीची सगळी उंची वापरतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणजे ४५ पिक्सेलांतून मूळ अक्षराच्या वाट्याला अर्धेही येत नाहीत. तेव्हा नाव एका ओळीत बसेल असं ठेवा, वेलांट्यांची वळणं आखूड करा, जोडाक्षरं मोकळी करा आणि सुलेखनाची हौस मोठ्या चित्रात भागवा. इथे तयार फॉन्ट टंकून भागत नाही, अक्षरं हाताने दुरुस्त करावीच लागतात. फॉन्टचा व्यावसायिक परवाना आहे ना, तेही बघा.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे एकच चित्र सगळीकडे कापून लावणं. पानाच्या माथ्यावरचं हेडर ९२० × ४३०, मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६, उभी ७४८ × ८९६, लायब्ररीची ६०० × ९००. दोन आडव्या, एक जवळजवळ चौरस, एक उंच. एकाच चादरीतून पडदा, अभ्रा आणि टेबलक्लॉथ बेतायचा हा प्रकार. मग उभ्या कॅप्सूलमध्ये नायिकेचं कपाळ उडतं नाहीतर तलवार मनगटापाशी तुटते. उपाय कंटाळवाणा आहे: चित्रकाराकडून पहिल्या दिवशीच थर वेगळे असलेली फाइल मागा. पात्र वेगळं, पार्श्वभूमी वेगळी आणि कडांच्या पलीकडेही रंगवलेली, लोगो पारदर्शक पीएनजीत. हे आणि कापाकापीची परवानगी करारात लिहून घ्या. नंतर मागितलं की पैसे वाढतात, आणि ते वाढवणं रास्तच असतं.

कव्हरने खोटं बोलू नये. पिक्सेल गेमला रंगवलेलं चित्र चालतं, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पण आत शांतपणे भाजीपाला पिकवायचा आणि बाहेर रक्ताळलेला कोयता, हे चालत नाही. भीतीच्या ओढीने आलेला माणूस वैतागतो आणि स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला, तर गेम परत करून पैसे घेतो. जाता जाता वाईट रिव्ह्यूही लिहितो.

आता भराभर. मूळ कॅप्सूलवर पुरस्कारांच्या डहाळ्यांच्या कमानी, रिव्ह्यूचे तारे, ‘५०% सूट’ असलं काही नको. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियमच आहे की तिथे चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच. गेममधला स्क्रीनशॉट कव्हर म्हणून लावू नका. सात पात्रं असली तर एक निवडा, बाकीची रुसली तरी चालेल. काळ्यावर गडद लाल अक्षरं कोणालाच वाचता येत नाहीत, भुतांनाही नाही. गूगल प्लेच्या ५१२ × ५१२ च्या आयकॉनचे कोपरे गूगल स्वतः गोल करतं, तुम्ही आधीच गोल करून देऊ नका. इच.आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर ६३० × ५०० चं वेगळं कव्हर करा, स्टीमचं हेडर ताणून बसवू नका.

आणि हो, एआयने काढलेलं कव्हर. ‘दहा मिनिटांत झालं की’ असं सांगत येणारे आता फार वाढलेत. जानेवारी २०२४ पासून स्टीम त्याबद्दल फॉर्ममध्ये विचारतं आणि तुमचं उत्तर गेमच्या पानावर झळकतं, ते एक. दुसरं म्हणजे थर नसतात, त्यामुळे वरची सगळी रड पुन्हा सुरू. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की तसलेच गुळगुळीत चेहरे यादीत वरही असतात आणि खालीही. दोन वर्षं गेम घडवणाऱ्याला कव्हरसाठी दोन आठवडे थांबवत नाही, याचं मला कायम नवल वाटतं. पैसेच नसतील तर नुसतं नाव नीट हाताने लिहा. चालतं.

स्टीमवर ‘लवकरच येत आहे’चं पान रिलीजआधी किमान दोन आठवडे दिसत असावं लागतं. नवशिके हा आकडा वाचून दोनच आठवडे आधी जागे होतात. पान कितीतरी महिने आधी लावता येतं, आणि विशलिस्ट, म्हणजे ‘नंतर घेईन’ अशी खूण करणाऱ्यांची यादी, त्या पहिल्या दिवसापासून जमते. तेव्हा ‘तात्पुरतं’ कव्हर लावून पान उघडू नका.

बदलायचंच झालं तर सेलच्या किंवा नेक्स्ट फेस्टच्या, म्हणजे स्टीमच्या डेमो-उत्सवाच्या, मधे बदलू नका, गर्दीचा परिणाम कुठला आणि कव्हरचा कुठला ते कळत नाही. गूगल प्लेवर दोन आयकॉन एकाच वेळी लोकांसमोर ठेवून तपासायची सोय आहे, स्टीमवर तशी नाही. म्हणून एखादा कोरडा आठवडा धरा, आधीच्या आठवड्यांचे आकडे उतरवून ठेवा, फक्त कव्हर बदला आणि त्या दिवसांत ट्रेलर, टॅग, वर्णन यांना हात लावू नका.