प्रदर्शनासाठी स्वीट पी: एका वेलीला एकच खोड

स्वीट पी जाळीवर मोकळी सोडली तर फुलं भरपूर येतात, पण देठ आखूड राहतात आणि एका दांड्यावर दोन-तीनच फुलं लागतात. घरात पेल्यात ठेवायला ती छानच. हातभर सरळ देठ, त्यावर चार मोठी फुलं आणि चारही एकाच दिशेला तोंड करून उभी, असं काही हवं असेल तर वेलीची सगळी ताकद एकाच खोडात घालावी लागते. या पद्धतीला कॉर्डन म्हणतात. काम रोजचं आहे, पण मला बागेत सगळ्यात आवडतं ते हेच.

जात निवडताना स्पेन्सर प्रकारातलीच घ्या. एकोणिसाव्या शतकात हेन्री एकफर्ड यांनी इंग्लंडमधल्या वेम इथे ग्रँडिफ्लोरा जाती तयार केल्या. त्यांचा वास आजही अप्रतिम वाटतो. मात्र मोठी, कडेला झालर असलेली फुलं आली ती सायलस कोल या माळ्याच्या 'काउंटेस स्पेन्सर'पासून. ती 1901 साली लंडनला प्रदर्शनात मांडली गेली. परीक्षकांच्या टेबलावर आजही याच घराण्याचं राज्य आहे. वासासाठी एकफर्डच्या दोन-चार वेली वेगळ्या लावाव्यात, मी लावतेच.

हे थंड हवेचं पीक. हिवाळा सौम्य असेल तर थंडीच्या तोंडावर पेरा, कडाक्याचा असेल तर तो ओसरू लागल्यावर. शरदात पेरलेल्या रोपांची मुळं खोल जातात आणि खोडही जाड येतं. बी टणक असेल तर डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नखकटरने साल किंचित टोचा, किंवा एक रात्र पाण्यात ठेवा. त्याहून जास्त भिजवलं तर कुजतं. कुंडी खोल हवी, कारण मूळ सरळ खाली धावतं. पेरलेल्या कुंड्या उंदरांपासून झाका, त्यांना हे बी फार आवडतं. माणसाने मात्र ते खाऊ नये, विषारी असतं. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

रोपाला पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा. खालून फुटवे येतील. लागवडीनंतर त्यातला सगळ्यात जोमदार एक ठेवा, बाकीचे काढून टाका.

जमीन आधीच हातभर खोल खणून भरपूर कुजलेलं शेणखत मिसळून ठेवा. आम्लधर्मी माती असेल तर चुना द्या. मग 2.4 मीटरच्या काठ्या साधारण 23 सेंटिमीटर अंतराने दुहेरी ओळीत पक्क्या रोवा आणि एका काठीला एकच वेल लावा. पुढे प्रत्येक पेरावर तीन कामं करायची: पानाच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, टोकाचे तणावे कापायचे, आणि खोड काठीला सैल बांधायचं. तणावे राहिले तर शेजारच्या फुलाच्या देठाला विळखा घालतात आणि तो वाकडा होतो. बगलफूट खुडताना खालचा कोवळा फुलदांडा हातात येत नाही ना, हे नीट पाहा. दोन्ही एकाच बेचक्यातून निघतात. सुरुवातीचे दोन-तीन फुलांचे दांडे मी काढूनच टाकते.

नत्राचा मारा नको. पानं माजतात आणि कळ्या गळतात. कळ्या आल्यावर पालाशयुक्त खत बेताने द्या. तरी ढगाळ हवेत, थंड रात्रीमागून गरम दिवस आला की, किंवा पाणी जास्त झालं की कळ्या पिवळ्या पडून गळतात. अशा वेळी खत थांबवावं, पाणी हात राखून द्यावं आणि ऊन परतेपर्यंत धीर धरावा. मावा दिसला की लगेच पुसा, तो विषाणू पसरवतो.

वेल दीड मीटरवर पोचली की देठ आखूड होऊ लागतात. मग वेल उतरवायची. सगळे बंध सोडा, खोड हळूच जमिनीवर आडवं निजवा आणि शेंडा पाच-सहा काठ्या पुढच्या काठीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधा. ओळीच्या टोकाच्या वेली वळवून समोरच्या ओळीत घ्या. हे दुपारी उन्हात करावं. सकाळी खोडात पाणी भरलेलं असतं, जरा वाकवलं की काडकन मोडतं. दुपारी तेच नरम पडून बोटांत वळतं. शेंडा एक-दोन दिवसांत पुन्हा वर बघतो, पण चांगले देठ यायला काही आठवडे जातात. म्हणून प्रदर्शनाच्या तोंडावर वेल उतरवू नका.

फुलं सकाळी, दव वाळल्यावर, वरचं फूल उमलत आलं की कापा. एकही शेंग धरू देऊ नका, नाहीतर वेल फुलणं थांबवते. देठ लगेच खोल पाण्यात, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. पिकलेली फळं जवळ नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीनने पाकळ्या लवकर मिटतात.

मांडणीत मी आधी ध्वज पाहते, म्हणजे मागची मोठी पाकळी. ती ताठ हवी, डाग नको. मग चारही फुलांमधलं अंतर, आणि सगळ्या देठांची जाडी सारखी आहे का ते. चार मोठ्या फुलांमध्ये एखादा पाच फुलांचा देठ घुसवला तर गुच्छाचा मेळ बिघडतो. देठ पंख्यासारखे मांडा, तोंडं समोर ठेवा, फुलं एकमेकांना टेकू देऊ नका. नियमपत्रिकेत नऊ देठ म्हटले असतील तर नऊच. एक जास्त झाला तरी गुच्छ बाद होतो. टेबलावरून निघण्याआधी पुन्हा मोजा आणि जातीचं नाव कार्डावर लिहा.