काळा ॲलन बोल्ट काढून एसएसचा लावताना

गोव्यात समुद्राजवळच्या यंत्राचा काळा ॲलन बोल्ट (डोक्यात चावीसाठी षटकोनी खाच असलेला) बघता बघता तांबूस होतो. मग आपण दुकानातून चकचकीत एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, बोल्ट आणतो आणि पूर्वीइतक्याच जोराने आवळतो. 1 जूनला मासेमारी बंदी लागली की ट्रॉलरांची कामं निघतात, तेव्हा असे बोल्ट हातात येतात: मध्येच बारीक झालेले, तिथले आटे लांबलेले. नट त्या जागेपर्यंत बोटांनी फिरतो आणि अडतो. असा बोल्ट ताणून गेलेला असतो. तो परत लावू नका.

आधी माप घ्या. व्हर्नियर आट्यांवर लावा. 8 मिमीच्या जरा खाली आलं तर तो एम8. त्याचं डोकं 13 मिमी व्यासाचं, 8 मिमी उंच, आणि चावी 6 ची. एम6 ला चावी 5 ची, एम10 ला 8 ची. लांबी डोक्याखालून मोजायची, डोकं धरून नाही. एम8 चे नेहमीचे आटे 1.25 चे असतात, म्हणजे एका आट्यापासून पुढचा 1.25 मिमीवर. एम10 चे 1.5 चे, पण गाड्यांवर 1.25 चेही सापडतात, म्हणून नवा बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवून पाहा. ॲल्युमिनियमच्या भोकात आटे बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल बसायला हवेत.

मग डोक्यावरचा आकडा वाचा. काळ्या बोल्टवर 12.9 असेल तर त्यातला 12 म्हणजे दर चौरस मिमीला 1200 न्यूटनला तुटणारं पोलाद. पुढचा .9 सांगतो की त्याच्या 90 टक्के ताणाला, म्हणजे 1080 ला, ते कायमचं लांबायला लागतं. एसएसवर ए2-70 लिहिलेलं असतं. ते 700 ला तुटतं, पण 450 लाच लांबू लागतं. म्हणजे निम्म्याहून कमी! बोल्ट खरं तर कडक स्प्रिंग आहे. ताणला गेला की तोच ताण दोन भाग एकत्र दाबून धरतो. ए2-70 तेवढा ताण धरूच शकत नाही.

म्हणून कंपनीने 12.9 दिलेल्या जागी 12.9 च लावा. जागा 8.8 ची असेल तर ए4-80 हा एसएस बोल्ट चालतो, आणि खाऱ्या हवेत तो ए2 पेक्षा जास्त टिकतो. 12.9 वर बाहेरून झिंक प्लेटिंग मात्र करून घेऊ नका. त्यात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो.

आता आवळणी. यंत्राच्या पुस्तकात टॉर्क (किती जोराने पिळायचं तो आकडा) दिलेला असेल तर तोच घ्या, पण तो मूळ ग्रेडच्या बोल्टसाठी असतो हे ध्यानात ठेवा. पुस्तक नसेल तर कोरड्या एम8 साठी साधारण अंदाज असा: 8.8 ला 25 न्यूटन मीटर, 12.9 ला 42, ए2-70 ला 20. एसएसचे आटे कोरडे आवळले तर जॅम होतात, त्यामुळे अँटीसीझ, म्हणजे आटे जॅम होऊ न देणारा लेप, लावायचंच. मग घर्षण घटतं आणि 15 पुरे होतात; 20 दिले तर ताण मर्यादेवर जातो.

खाचेतली वाळू आणि गंज टाचणीने खरवडून काढा. चावी तळापर्यंत बसली पाहिजे, नाहीतर खाच गोल होते. इंची 5/16 ची चावी 8 च्या खाचेत बसल्यासारखी वाटते, पण ती 7.94 मिमी आहे. ती वापरू नका. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे घेत अर्ध्या टॉर्कला, शेवटी पूर्ण. टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क आला की 'टक्' वाजणारा पाना) झटका न देता ओढा. एकदा 'टक्' झालं की थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढू नका.

काम झालं की डोक्याची खाच ग्रीसने भरून टाका. पावसाचं पाणी तिथेच साचतं, आणि पुढच्या वर्षी चावी बसणार की नाही हे त्यावर ठरतं.