कोकणातून इंग्लंडला येणाऱ्या सिगरेटवाल्यांसाठी: छोटं व्हेप घेताना

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडची पोरं आता इंग्लंडला यायला लागली आहेत. कोणी शिकायला, कोणी केअर होममध्ये, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये. खोली कशी शोधावी, बँकेत खातं कसं उघडावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सिगरेटबद्दल मात्र कोणी नीट बोलत नाही, कारण आपल्याकडे हा विषय मोठ्यांसमोर काढायचाच नसतो. मग नवा आलेला रूमवरच्या जुन्याचं ऐकतो, आणि त्या जुन्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून लिहायला बसलो.

जो विडी-सिगरेट ओढत नाही, त्याने व्हेपच्या, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायच्या बॅटरीवरच्या यंत्राच्या, वाटेला जाऊ नये. इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस हेच सांगते: सिगरेटपेक्षा अपाय बराच कमी, पण निर्धोक नाही, सिगरेट सोडायला वापरा, न ओढणाऱ्याने सुरू करू नका. आपली काही पोरं ब्रेकला कामावरचे सगळे बाहेर जाऊन उभे राहतात म्हणून त्यांच्यासोबत ओढायला लागतात. तसं करू नका. इंग्रज माणूस त्यावरून तुम्हाला जवळ करत नाही की लांबही ठेवत नाही. चहाचा मग घेऊन उभे राहिलात तरी तो तितकाच बोलेल.

जे ओढतात त्यांच्यासाठी पुढचं. इथे 20 सिगरेटचं पाकीट 15 पौंडांच्या वर गेलंय आणि 20 पेक्षा लहान पाकीट विकायला 2017 पासून बंदी आहे. गावात टपरीवर सुटी एक घेऊन भागवणारा इथे आख्खं पाकीट खिशात बाळगतो आणि दिवसाला दोनाच्या सहा-आठ करतो. त्याने व्हेपकडे वळणं शहाणपणाचं आहे, पण कोणतं व्हेप घेतो यावर सगळं अवलंबून.

एकदा ओढून फेकायची रंगीत नळकांडी 1 जून 2025 पासून विकायला बंद आहेत. कोणी ‘आपल्या ओळखीच्या दुकानात मिळतात’ म्हणून घेऊन गेला तर जाऊ नका. हे मी आपल्याच माणसांबद्दल बोलतोय आणि मनापासून बोलतोय: काउंटरखालून काढून दिलेला, हजारो झुरक्यांचा एकसंध डबा गावच्या नावावर विश्वास ठेवून घेऊ नका. इथल्या कायद्याने पॉडमध्ये, म्हणजे व्हेपच्या लिक्विड राहणाऱ्या डबीत, 2 मिलीपेक्षा जास्त लिक्विड नसावं, निकोटिन 20 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या वर नसावं, निकोटिनवाली भरायची बाटली 10 मिलीपेक्षा मोठी नसावी. पाकिटावर हे तीन आकडे बघा. जुळले नाहीत तर आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

उरतात दोन प्रकार. एक, तयार भरलेले पॉड लावायचं. पॉड संपला की काढून दुसरा लावायचा, काही शिकावं लागत नाही. पण दर पॉडला पैसे जातात, आणि त्या कंपनीचे पॉड जवळच्या दुकानात नसले की रात्री अकराला माणूस परत सिगरेटच घेतो. दुसरा, स्वतः भरायचं छोटं पॉड-किट. बोटभर लांब, शर्टाच्या खिशात मावणारं, बॅटरी आत, चार्जिंग टाइप-सीने. मी सगळ्यांना हेच सांगतो. लिक्विड कोणत्याही कंपनीचं चालतं, आणि निकोटिन आपल्या हाताने कमी करत नेता येतं. सोडायची असेल तर हीच गोष्ट कामाची आहे.

दुकानात गेल्यावर मोठे, जाड, स्क्रीनवाले डबे दाखवतील. ते ढगभर वाफ सोडणाऱ्यांसाठी. तुम्हाला सिगरेटसारखा झुरका हवाय, आधी तोंडात मग छातीत. त्यासाठी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी कापसातली तार, 0.8 ते 1.2 ओहमच्या आसपासची मागा. लिक्विड अर्धं-अर्धं घ्या, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन समसमान. ग्लिसरीन जास्त असलेलं दाट लिक्विड या छोट्या कॉइलमध्ये नीट चढत नाही. निकोटिन सॉल्टचं लिक्विड मागा, ते घशाला कमी टोचतं. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने 20 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, चार-पाचवाल्याला 10 पुरे. ‘कमी निकोटिन तेवढं बरं’ म्हणून पाकीटवाले 3 चं घेतात, तलफ भागत नाही, आणि आठवड्यात व्हेप ड्रॉवरमध्ये आणि सिगरेट हातात. असं फार वेळा बघितलंय.

‘जळका वास येतो, पीस खराब आहे’ म्हणून नवीन घेतलेलं किट परत करायला निघालेल्या एका पोराला मी थांबवलं होतं. पॉड उघडून बघितला तर आतला कापूस एका बाजूला काळा. भरल्याबरोबर ओढायला सुरुवात केली होती. समईत तेल घालून वात भिजायच्या आत काडी लावली तर वातच जळते, तसंच हे. नवीन पॉड भरला की दहा मिनिटं तसाच ठेवा. कॉइल साधारण आठवडा-दोन आठवडे चालते, गोड लिक्विड असेल तर कमी. चव बिघडली की बदला, रेटू नका.

1 ऑक्टोबर 2026 पासून लिक्विडवर दर 10 मिलीला 2.20 पौंड ड्यूटी आहे, वर व्हॅट. तरीही खर्च सिगरेटच्या पासंगाला पुरत नाही. ‘ड्यूटी चुकवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी मात्र लागू नका.

रेल्वेत, बसमध्ये, कामाच्या जागी आत ओढायचं नाही. खोलीतही नको, स्मोक अलार्म वाजला तर सगळं घर रस्त्यावर येतं. लिक्विड लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, निकोटिन पोटात जाणं विषारी असतं.

आता जे सांगायचंय ते नीट ऐका. व्हेप गावाला न्यायचं नाही. एकही नाही, मित्रासाठी नाही, स्वतःचं वापरातलं नाही. भारतात 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. बॅगेतून आणणं म्हणजे आयातच. ‘गोव्यात चालतं’ असं आपल्याकडची पोरं छातीठोकपणे सांगतात. कायदा अख्ख्या देशाला आहे, आणि बांद्याचा चेकनाका ओलांडून तो बदलत नाही.

आचऱ्याकडचा एक मुलगा गणपतीला निघाला तेव्हा मित्रांनी मागितले म्हणून कपड्यांच्या घडीत सहा पीस घालून गेला. मुंबईला विमानतळावर बॅग उघडली. माल गेला, जबाब, कागदपत्रं, सह्या यात रात्र गेली आणि गणपतीतलं कोकणकन्याचं कन्फर्म तिकीट हातचं गेलं. चतुर्थीला घरी मूर्ती बसली तेव्हा हा मुंबईत वकील शोधत होता. त्याची आई मला फोनवर विचारत होती, ‘मेल्यान असा काय केल्यान रे?’ मला तिला काय सांगावं कळेना. जे इथे दुकानात उघड मिळतं, ते नेणं तिथे गुन्हा कसा, हे त्या माऊलीला पटवता येत नव्हतं.

दोह्यावरून जाणारं तिकीट असेल तर हे आणखी लक्षात ठेवा: कतारमध्येही बंदी आहे. कोणाचा काका तिथे असतो, दोन दिवस उतरतात, तेव्हा बॅगेत काय आहे ते आधी बघा. बंदी नसलेल्या देशात विमानाने जाताना व्हेप हातातल्या बॅगेत ठेवतात, चेक-इनमध्ये नाही; लिथियम बॅटरीमुळे तो नियम आहे.

मग गावच्या तीन-चार आठवड्यांत करायचं काय? निघायच्या आधी व्हेप इथल्या खोलीत ठेवा. जुनं, बिघडलेलं असेल तर दुकानात परत द्या. व्हेप विकणाऱ्या दुकानांना ते घ्यावं लागतं. इथल्या फार्मसीतून निकोटिन पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या, न्या. कणकवली, कुडाळला औषधाच्या दुकानात निकोटिन गमही मिळतो. आपल्याला सुपारी चघळायची सवय, म्हणून मुद्दाम सांगतो: गम सारखा चघळायचा नाही. हळू चावायचा, जीभ चुरचुरली की गालाशी दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा, असा अर्धा तास. सोडायचीच असं ठरवलं तर सरकारची 1800-11-2356 ही मोफत हेल्पलाइन आहे.